ड्राइव्ह सारखा ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतोय? डिसेल टाइमला हात लावण्याआधी घड्याळ बघा

ड्राइव्हवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, ओव्हरव्होल्टेजचा फॉल्ट आला की डिसेल टाइम (वेग उतरवायला दिलेला वेळ) वाढवायचा, हे आमच्या धंद्यात पाढ्यासारखं पाठ असतं. मलाही होतं. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिनिंग शॉपमध्ये याच पाढ्याने मला दीड महिना फिरवलं. पहिल्या व्हिजिटचे पैसे घेऊन मी चुकीचं काम करून आलो होतो, म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

मशिन म्हणजे कॉम्पोनंट वॉशिंग मशिन. त्याच्या सुकवणीच्या ब्लोअरला साडेसात एचपीची मोटर आणि ५.५ किलोवॅटचा ड्राइव्ह. तक्रार अशी, की आठवड्यातून दोन-तीनदा ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून थांबतो. रीसेट दाबलं की लगेच चालू होतो आणि मग दोन दिवस काहीच नाही. मी गेलो, डिसेल टाइम ५ सेकंद होता तो २० केला, चहा घेतला आणि निघालो. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी फोन.

मग कुणीतरी ब्रेक रेझिस्टर (मोटरकडून उलटी येणारी ऊर्जा जाळणारा) लावायला सांगितला, तो लागला. फरक शून्य. मेंटेनन्सचे काका म्हणाले, "साहेब, कार्डच गेलंय. नवीन ड्राइव्ह टाका, विषय संपवा." नवीन ड्राइव्ह टाकला. तिसऱ्या दिवशी तोही ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप. कोरा करकरीत ड्राइव्ह जुन्यासारखाच वागतो म्हटल्यावर दोष ड्राइव्हमध्ये नाही, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. पण तोवर मालकाचे बरेच पैसे खर्च झाले होते.

तेव्हा कुठे मी पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न विचारला. "काका, ट्रिप येते तेव्हा ब्लोअर थांबत असतो की चालू असतो?"

"चालूच असतो की! ब्लोअर मधे कशाला थांबवू? सकाळी लावला की शिफ्ट संपल्यावरच बंद."

म्हणजे डिसेलचा संबंधच नव्हता. मी ५ चे २० सेकंद केले ते अशा घटनेसाठी, जी दिवसातून एकदा, शिफ्ट संपताना घडायची, आणि त्या वेळी ट्रिप कधीच येत नव्हती.

इथे थोडं आत जाऊ. ड्राइव्ह तीन फेजचा सप्लाय घेऊन त्याचं डीसी करतो, ते मोठ्या कपॅसिटरवर साठवतो आणि पुढे आयजीबीटी (झपाट्याने चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) त्या डीसीचं मोटरला हवं तसं एसी करतात. ओव्हरव्होल्टेज मोजलं जातं ते मधल्या डीसी बसवर, म्हणजे त्या कपॅसिटरच्या डीसी लाइनवर. ४१५ व्होल्ट सप्लाय असेल तर लोड नसताना बस ४१५ गुणिले १.४१४, म्हणजे साधारण ५८७ व्होल्ट. लोड आला की ४१५ गुणिले १.३५ च्या आसपास, म्हणजे ५६० पर्यंत उतरते. ट्रिपची रेषा मेकनुसार थोडी इकडेतिकडे असते, पण ४०० व्होल्ट क्लासच्या ड्राइव्हमध्ये ती ८०० च्या पुढे असते. तेव्हा प्रश्न एवढाच, की ५८७ ची बस ८०० च्या वर गेली कशी?

दोनच वाटा आहेत. एक मोटरकडून. जड लोडचा वेग झटकन कमी केला की मोटर जनरेटर होते आणि ऊर्जा उलटी बसवर येऊन पडते. डिसेल टाइम आणि ब्रेक रेझिस्टर हे या वाटेचे उपाय. दुसरी वाट सप्लायकडून. लाइन व्होल्टेजच चढलेलं असेल किंवा लाइनवर क्षणभराचा तडाखा आला असेल, तर डिसेल टाइम १०० सेकंद केला तरी उपयोग नाही. वाट सप्लायची आणि उपाय मोटरचा, असा आमचा दीड महिना गेला.

काही कंपन्यांनी हा फरक कोडमध्येच ठेवलाय, पण वाचतो कोण. मित्सुबिशीच्या ड्राइव्हवर ई.ओव्ही१ म्हणजे वेग वाढताना, ई.ओव्ही२ म्हणजे स्थिर वेगात, ई.ओव्ही३ म्हणजे वेग कमी होताना. ओव्हरकरंटचेही तसेच ई.ओसी१, २, ३. डेल्टा कंपनीच्या ड्राइव्हवर ओव्हरकरंटला ओसीए, ओसीडी, ओसीएन असे तीन वेगळे कोड. श्नायडरच्या अल्टिव्हारवर ओबीएफ म्हणजे ब्रेकिंग जास्त झालं, ओएसएफ म्हणजे सप्लायच जास्त आहे. फोनवर "ओव्ही आलाय" एवढंच सांगितलं जातं आणि शेवटचा आकडा, जो खरं सांगणारा असतो, तो डिस्प्लेवरच राहतो. माझ्या केसमधल्या ड्राइव्हला मात्र ओव्हरव्होल्टेजचा एकच कोड होता. फॉल्ट हिस्टरीत वेळेच्या जागी चालू तासांचा आकडा होता, घड्याळाची वेळ नव्हती.

म्हणून एक दोनशे पानी वही आणली, पॅनेलच्या दाराला दोरीने बांधली आणि सांगितलं की ट्रिप आली की रीसेटच्या आधी चार गोष्टी लिहायच्या: तारीख-वेळ, ब्लोअर काय करत होता, डिस्प्लेवर काय होतं, आणि आजूबाजूला त्या वेळी काय चालू-बंद झालं. नाइट शिफ्टच्या पोराने पहिल्या नोंदीत नुसतं "ट्रिप झाला, रीसेट केला" लिहिलं. त्याला जवळ बसवून परत समजावलं. नंतर त्यानेच सगळ्यात चांगल्या नोंदी केल्या.

दोन आठवड्यांत सात नोंदी झाल्या. पाच नोंदी चहाच्या किंवा जेवणाच्या सुट्टीनंतर पाच-सात मिनिटांच्या आत. उरलेल्या दोन गुरुवारच्या.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी सगळी पेठ थंड. शॉपमध्ये मेंटेनन्सची चार माणसं आणि ट्रायलला एखादं मशिन. आजूबाजूच्या शेकडो कारखान्यांचा लोड उतरला की लाइनचं व्होल्टेज वर सरकतं. मी बुधवारी दुपारी मोजलं तेव्हा ४१८ होतं, गुरुवारी सकाळी ४५२. त्याचा बसवरचा हिशेब केला तर बुधवारी ५९१ आणि गुरुवारी ६३९. नुसत्या ६३९ ने ट्रिप येत नाही, पण रेषेपर्यंतचं अंतर जवळजवळ ५० व्होल्टने कमी होतं. वरून तडाखा आला तर तो कमी असला तरी पुरतो.

तडाखा कुठून येत होता? सुट्टीनंतर सगळी सीएनसी एकदम चालू होतात, लोड चढतो, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरा कामी येणारा वाटा) घसरतो आणि तो आपोआप सुधारणारं एपीएफसी पॅनेल एकामागून एक कपॅसिटर लाइनवर घेतं. केव्हीएएच बिलिंग (पॉवर फॅक्टर घसरला की बिल वाढतं असं) आल्यापासून पॉवर फॅक्टर हा एचटी, म्हणजे हाय टेन्शन, ग्राहकांचा जिव्हाळ्याचा विषय झालाय, त्यामुळे ते पॅनेल कुणी बंद ठेवत नाही. रिकामा कपॅसिटर लाइनवर येतो तेव्हा क्षणभर जवळजवळ शॉर्टसर्किटच असतं. व्होल्टेज आधी खाली आपटतं आणि मग उसळून नेहमीच्या शिखराच्याही वर जातं. गणिताने ही उसळी दुपटीपर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्षात लोड आणि केबल ती दाबतात, पण ६३९ ला १.३ ने गुणलं तरी ८३० होतात. ड्राइव्ह लहान आणि हलक्या लोडवर असेल तर आतला कपॅसिटरही छोटा, आणि एवढी उसळी त्याला बसते. त्याच बसबारवरचा ३० किलोवॅटचा ड्राइव्ह कधीच ट्रिप होत नव्हता तो यामुळेच. त्याला आतच डीसी चोक (झटका रोखणारी कॉइल) होता.

मी एपीएफसी पॅनेलसमोर जाऊन उभा राहिलो. प्रत्येक स्टेप (कपॅसिटरचा एक गट) घेताना "थड्" असा आवाज येत होता, दोन स्टेपना तर दिवे लुकलुकायचे. सप्लाय बंद करून दार उघडलं. कपॅसिटर ड्यूटी कॉन्टॅक्टरवर (कपॅसिटर लाइनला जोडणाऱ्या स्विचवर) बाजूला बारीक तारांची वेटोळी असतात, ती मुख्य कॉन्टॅक्ट लागण्याआधी काही मिलिसेकंद करंट रोखून धरतात. तीनपैकी दोन कॉन्टॅक्टरच्या त्या तारा जळून तुटल्या होत्या. तिसऱ्याच्या जागी कुणीतरी घाईत साधा पॉवर कॉन्टॅक्टर बसवला होता, ज्याला त्या तारा नसतातच. शिवाय पॅनेलच्या कंट्रोल रिलेमध्ये कपॅसिटर परत जोडण्याआधीचा थांबा अगदी कमी ठेवलेला. कपॅसिटर आतल्या डिस्चार्ज रेझिस्टरमधून रिकामा व्हायला वेळ लागतो, प्रमाण मानकाप्रमाणे तीन मिनिटांत ७५ व्होल्टखाली यायला हवा. अर्धा भरलेला कपॅसिटर उलट्या पोलॅरिटीच्या क्षणी जोडला गेला तर उसळी आणखी मोठी.

तिन्ही कॉन्टॅक्टर बदलले. रिलेचा थांबा वाढवला. ड्राइव्हच्या इनपुटला तीन टक्क्यांचा लाइन चोक लावला, जो खरं तर पहिल्याच दिवशी लावायचा होता आणि जो ब्रेक रेझिस्टरपेक्षा स्वस्त पडला असता. पुढच्या शटडाउनला ट्रान्सफॉर्मरचा टॅप (आउटपुट व्होल्टेज बदलायची जोडणी) एक घर सरकवला. आपल्याकडे डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मर नो-लोडला ४३३ व्होल्टवर बेतलेले असतात आणि टॅपचं एक घर साधारण अडीच टक्क्यांचं, त्यामुळे एका घराने दहा-अकरा व्होल्ट उतरतात. टॅप बदलण्याचं काम लाइन मेली असतानाच आणि परवान्याच्या माणसाकडूनच. त्यानंतर त्या वहीत ओव्हरव्होल्टेजची नोंद नाही. वही मात्र अजून दाराला आहे, आता तीत कुणीतरी डब्याचे पैसे लिहितं.

तेव्हापासून कुठलाही फॉल्ट असो, मी आधी "कधी" विचारतो. वेग वाढताना, स्थिर वेगात, वेग कमी होताना की उभ्या मशिनवर? सकाळी की दुपारी? पावसात की उन्हात? बाकीच्या फॉल्टना हा प्रश्न कुठे नेतो ते खाली लिहितो. सगळे फॉल्ट नाहीत, मला वारंवार भेटणारे तेवढेच.

हात घालण्याआधी

सप्लाय बंद केल्यावरही डीसी बसवर ५०० च्या वर व्होल्ट शिल्लक असतात, आणि डिस्प्ले विझला म्हणजे बस रिकामी झाली असं नाही. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा, तो ५ ते १५ मिनिटांपर्यंत असतो. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून प्लस-मायनस मोजा आणि शून्याजवळ दिसल्याशिवाय हात लावू नका. टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवू नका. आयसोलेटरला कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा. मेन पॅनेलवर "काम चालू आहे" ची पाटी लावल्यावरही एकदा माझ्या डोळ्यांसमोर एकाने सप्लाय दिलाय.

ओव्हरकरंट

हा फॉल्ट आल्यावर तीनदा रीसेट मारून बघणं ही आपल्याकडची सगळ्यात महाग सवय. आयजीबीटी पहिल्या शॉर्टमधून बहुतेक वेळा वाचतो, कारण ड्राइव्ह मायक्रोसेकंदांत बंद होतो. चौथ्या-पाचव्या वेळी वाचेलच असं नाही, आणि मग पाचशे रुपयांच्या केबलपायी ड्राइव्ह जातो.

स्टार्टचं बटण दाबताक्षणी, मोटर हललीसुद्धा नाही आणि ओव्हरकरंट आला, तर सप्लाय बंद करून, बस रिकामी झाल्यावर मोटरच्या यू-व्ही-डब्ल्यू तारा ड्राइव्हवरून काढा. मल्टिमीटर डायोडवर ठेवून प्लसपासून प्रत्येक फेज आणि मायनसपासून प्रत्येक फेज बघा. सहाही ठिकाणी एका दिशेला ०.३ ते ०.५ व्होल्टसारखा आकडा आणि उलट दिशेला ओपन दिसायला हवं. मुद्दा आकड्यापेक्षा सारखेपणाचा. पाच सारखे आणि एक शून्य, म्हणजे आयजीबीटी गेला, पुढचं निदान रिपेअरवाल्याकडे.

सहाही ठीक असतील तर टप्प्याटप्प्याने जा. आधी तारा काढलेल्या ठेवून ड्राइव्ह साध्या व्ही/एफ मोडवर (वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज) चालवा, आउटपुट फेज लॉसचं संरक्षण तेवढ्यापुरतं बंद ठेवून. ट्रिप आली तर ड्राइव्ह दोषी. नाही आली तर केबल जोडा, पण मोटरकडचं टोक मोकळं आणि इन्सुलेट करून ठेवा. आता आली तर केबल दोषी, आणि अशा वेळी केबल ट्रेमध्ये उंदीर शोधा, मी गंमत करत नाही. केबलही ठीक तर मोटर जोडा, पण बेल्ट किंवा कपलिंग सोडून. शेवटी लोड. या चार पायऱ्यांना तासभर लागतो. पाच माणसांनी पॅनेलभोवती उभं राहून अंदाज बांधण्यात सकाळ जाते.

वेग वाढताना येणारा ओव्हरकरंट बहुधा साधा असतो. अ‍ॅक्सेल टाइम कमी, टॉर्क बूस्ट (सुरुवातीचा जोर वाढवणारं सेटिंग) कुणीतरी वाढवून ठेवलेला, ब्रेक उघडतच नाही, गिअरबॉक्स जाम. आणि हमखास बघायची गोष्ट म्हणजे मोटर रिवाइंडिंगहून आलीय का? ४१५ व्होल्टला डेल्टा जोडणीची मोटर स्टार जोडणीत जोडून परत आलेली मी दोनदा पाहिली. ड्राइव्ह बिचारा जोर लावतो, टॉर्क येत नाही, करंट चढतो.

स्थिर वेगात अधूनमधून, वेळेचा काही मेळ नसलेला ओव्हरकरंट मात्र छळतो. चाकणला एका कन्व्हेयरवर तीन महिने हेच चाललं होतं. ड्राइव्ह मेझनिनवर (शेडमधल्या माळ्यावर), मोटर खाली, मोटरजवळ लोकल आयसोलेटर. सफाईवाल्या मावशी कन्व्हेयरखाली झाडताना सुरक्षेसाठी आयसोलेटर बंद करायच्या, जे अगदी बरोबर होतं, आणि झाडून झालं की परत चालू करायच्या. वर ड्राइव्ह ५० हर्ट्झ देतच असायचा. उभी मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर जोडली जायची आणि करंट सहा-सातपट उसळायचा. मावशींना कुणी काही बोलायचं कारण नव्हतं. आयसोलेटरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या एनेबलला जोडला, आणि आता आयसोलेटर बंद झाला की ड्राइव्हही थांबतो. ड्राइव्ह आणि मोटरच्या मधे काही तोडायचं-जोडायचं असेल तर ते ड्राइव्हला कळलंच पाहिजे. आणि मोटरच्या बाजूला पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर राहिला असेल तर तो आजच काढा. जुन्या स्टार्टरच्या जागी ड्राइव्ह बसवला की तो तिथेच विसरला जातो.

अर्थ फॉल्ट, म्हणजे जुलै

पुण्यात जून सरला की अर्थ फॉल्टचे फोन सुरू होतात आणि गणपतीपर्यंत थांबत नाहीत. ठरलेलं गाऱ्हाणं असं, की सकाळी पहिल्या शिफ्टला ट्रिप, दोन-तीनदा रीसेट केल्यावर चालतो, अकरानंतर काही त्रास नाही. रात्रभर थंड झालेल्या मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये दमट हवेचं पाणी धरतं, मोटर गरम झाली की ते वाळतं. दुपारी आलेल्या सर्व्हिसवाल्याला सगळं ठीक दिसतं, तो "ओके" लिहून जातो. म्हणून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) सकाळी, मोटर थंड असताना मारा.

मेगर मारताना तारा ड्राइव्हवरून काढलेल्याच हव्यात. ५०० व्होल्ट डीसी ड्राइव्हच्या आउटपुटवर मारून आयजीबीटी फोडणारे अजूनही आहेत. मोटर-केबल वेगळी करून ५०० व्होल्टवर एक मिनिट ठेवा. लहान लो-व्होल्टेज मोटरला ५ मेगाओमच्या वर असायला हवं, धडधाकट मोटर शंभराच्या वर दाखवते. १ मेगाओमच्या खाली असेल तर ती मोटर वाळवल्याशिवाय चालवू नका. वाइंडिंग गरम असताना रीडिंग कमी येतं, ढोबळ हिशेबाने दर १० अंशांना निम्मं, त्यामुळे कालच्या गरम मोटरची आजच्या थंड मोटरशी तुलना करू नका.

बरेचदा मोटर निर्दोष असते आणि चूक ग्लँडची, म्हणजे केबल आत शिरते तिथल्या बुचाची, असते. केबल वरून सरळ टर्मिनल बॉक्समध्ये शिरत असेल तर पाणी केबलवरून ओघळत आत येतं. केबलला ग्लँडच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. वापरात नसलेल्या भोकांना प्लग लावा. कापडाचा बोळा नको, तो पाणी धरून ठेवतो.

ओव्हरहीट, म्हणजे एप्रिल-मे

ड्राइव्ह आपल्या रेटिंगच्या दोन ते चार टक्के उष्णता म्हणून टाकतो. १५ किलोवॅटचा ड्राइव्ह तीन टक्क्यांनी ४५० वॅट टाकतो, म्हणजे बंद कपाटात छोटी शेगडीच. त्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी ४२-४३ अंश, आणि बहुतेक ड्राइव्ह पूर्ण करंट देतात ते ४० किंवा ५० अंशांपर्यंत. कुठला आकडा लागू आहे ते मॅन्युअलमध्ये बघा.

मग आपण काय करतो? पॅनेलचं दार उघडतो आणि समोर पेडेस्टल फॅन लावतो. त्या दिवसापुरता फॉल्ट जातो. पण फाउंड्री किंवा ग्राइंडिंग शॉपमध्ये तो फॅन लोखंडाची भुकटी कार्डांवर मारत असतो. मेमध्ये काही होत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली, की ती भुकटी आणि ओल मिळून कार्डावर वाट तयार होते आणि ड्राइव्ह फुटतो. तेव्हा सगळे पावसाला शिव्या घालतात.

आधी फिल्टर बघा, मग ड्राइव्हचा स्वतःचा पंखा. पंखा फिरतो का, आणि पूर्ण वेगाने फिरतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काही वर्षांत बेअरिंग सुकतं. ही बदलायची वस्तू आहे, तिला वंगण देऊन जगवू नका. हीटसिंकच्या फटी ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ करा. शॉपच्या एअर लाइनने मारलंत तर त्यातलं पाणी आणि तेल आत जातं. आतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला निम्मं होतं, तेव्हा ट्रिप येत नसली तरी पॅनेल गरम ठेवणं परवडत नाही.

अंडरव्होल्टेज

लाइट गेली म्हणून आला तर बोलण्यासारखं काही नाही. लाइट असताना आला तर तीनही फेज ड्राइव्हच्या टर्मिनलवर मोजा, मेन पॅनेलवर नाही, आणि लोड चालू असताना मोजा. एक फ्यूज गेलेला किंवा अ‍ॅल्युमिनिअमचा लग सैल झालेला असतो. एक कमी माहीत असलेलं कारण म्हणजे उभ्या मशिनवर बस पूर्ण दिसते आणि मोटर चालू करताच कोसळते. अशा वेळी आतल्या प्रीचार्ज रिलेचा संशय घ्या. कपॅसिटर भरताना मधे रेझिस्टर असतो, भरल्यावर रिले त्याला बायपास करतो. रिले लागला नाही तर सगळा लोड त्या बारक्या रेझिस्टरमधून जातो आणि थोड्या वेळात जळका वासही येतो.

मोटर ओव्हरलोड आणि कम्युनिकेशन

ओव्हरलोडमध्ये एकच बघा, की मोटरच्या नेमप्लेटवरचा करंट पॅरामीटरमध्ये भरलाय का? फॅक्टरी सेटिंगवर सोडला तर ड्राइव्ह स्वतःच्या रेटिंगने राखण करतो आणि लहान मोटर ट्रिप न येता जळते. १५-२० हर्ट्झवर पूर्ण टॉर्कने तासन्‌तास चालणाऱ्या मोटरला वेगळा पंखा लागतोच, कारण तिचा शाफ्टवरचा पंखा त्या वेगाला नावापुरता फिरतो.

कम्युनिकेशनच्या फॉल्टमध्ये मॉडबसच्या (ड्राइव्हशी संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या लाइनच्या) दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, १२० ओहमचे रेझिस्टर आहेत का बघा, आणि सिग्नल केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये झोपवलीय का तेही बघा. माझ्याकडे आलेली निम्म्याहून अधिक प्रकरणं इथेच मिटली.

स्पेअर ड्राइव्ह

ड्राइव्ह फॉल्टवर गेला, स्टोअरमधून स्पेअर काढला, जोडला, सप्लाय दिला आणि धडाम. "नवीन होता, खोक्यातून आज काढला!" हो, पण खोक्यात तीन वर्षं होता. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सप्लायविना पडून राहिला की आतला ऑक्साइडचा थर झिजतो, आणि एकदम पूर्ण व्होल्टेज आलं की गळती करंट वाढून तो तापतो, कधी फुटतो. वर्षापेक्षा जास्त पडून असलेला ड्राइव्ह मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज चढवून जागा करायचा, मोटर न जोडता.

हे लक्षात कोण ठेवणार, म्हणून भोसरीच्या त्या शॉपमध्ये काकांनी सोपी तारीख धरली. खंडेनवमीला मशिनं पुसून, झेंडूची माळ घालून पूजा होतेच. त्या दिवशी स्टोअरमधले दोन्ही स्पेअर ड्राइव्ह बाहेर येतात, टेबलावर मांडून दोन तास सप्लायवर राहतात, पॅरामीटरची प्रत तपासली जाते आणि खोक्यावर तारीख पडते. गेल्या वर्षी हळदीकुंकू पंख्याच्या जाळीत पडलं होतं, तेवढं यंदा झाकून ठेवायला सांगितलंय.